खाज, पांढरं पाणी आणि साखर: अंगातलं यीस्ट वाढलं तर काय करायचं

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या उपकेंद्रात एक प्रसंग ठरलेला असतो. बाई येते ती "डोकं दुखते" म्हणून. गोळी घेते, उठते, दारापर्यंत जाते. मग मागे वळून आत आणखी कोणी नाही ना ते पाहते आणि हळूच म्हणते, "सिस्टर, अंगावरून जाऊन रायलं. अन् खाज तर अशी, का विचारूच नका." ज्यासाठी ती आलेली असते, ते असं दारातून परत फिरून येतं.

मी यवतमाळ जिल्ह्यात १९ वर्षं आरोग्यसेविका आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे इथल्या औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे. पण दवाखान्यात जायच्या आधी आणि तिथून परत आल्यावर जे घरी करायचं असतं, ते बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ही लाज आजची नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग या दांपत्यानं गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त ८ टक्के. आज दवाखाने वाढले, रस्ते झाले, पण दारातून मागे वळणं तेवढं राहिलं.

यीस्ट म्हणजे काय

यीस्ट ही एक प्रकारची बुरशी. आपल्याला त्रास देणारी बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाची असते. ती बाहेरून चिकटत नाही. तोंडात, आतड्यात, योनीत ती थोडीथोडी असतेच आणि कोणाला कळतही नाही. तिच्या शेजारी चांगले जंतू राहतात, ते तिला आवरून धरतात. धुऱ्यावरचं गवत जसं, डवरणी चालू आहे तोवर बेतात राहतं, तसं. शेजारचे जंतू मेले, रक्तात साखर वाढली किंवा जागा सतत ओली राहिली, की ती फोफावते. त्यामुळे "घाण राहते म्हणून झालं" किंवा "नवऱ्यानं आणलं" हे दोन्ही आरोप साधारणपणे खोटे. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. डॉक्टरीण बाईंनाही होतो.

आधी खात्री करा, हे यीस्टच आहे का

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्याकडे पांढरं पाणी, धुपणी, अंगावरून जाणं हे सगळं एकाच पोत्यात भरतात. त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. पाळीच्या मधल्या दिवसांत पातळ, अंड्याच्या पांढऱ्यासारखं पाणी जातं, त्याला वास नसतो, खाज नसते. तो आजारच नाही. त्यावर गोळ्या खाणं म्हणजे घाम येतो म्हणून सलाईन लावणं.

यीस्टचं पाणी घट्ट असतं, फाटलेल्या दुधासारखं किंवा दह्याच्या गाठींसारखं. वास जवळजवळ नसतो. खाज मात्र भयंकर, रात्री जास्त. बाहेरची जागा लाल होते, सुजते, कधी चिरा पडतात.

मासळीसारखा वास येत असेल, पाणी पातळ आणि राखाडी असेल आणि खाज फारशी नसेल, तर तो जिवाणूंचा त्रास. फेसाळ, हिरवट-पिवळं पाणी असेल तर तो ट्रायकोमोनास नावाचा वेगळा परजीवी, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. या दोन्हींवर यीस्टचं औषध चालत नाही. कुजका वास, रक्तमिश्रित पाणी, संबंधानंतर रक्त, पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा डाग, यातलं काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन गर्भाशयाचं तोंड तपासून घ्या. पोटात खाली दुखून ताप येत असेल, तरीही तसंच.

आता उन्हाळीचं बोलू. लघवीला आग झाली की आपल्याकडे "उन्हाळी लागली" म्हणतात. सब्जा होतो, धने-जिऱ्याचं पाणी होतं, तेवढ्यानं नाही भागलं तर मेडिकलमधून "लघवीच्या आगीच्या" गोळ्या येतात. त्या असतात अँटिबायोटिक. यीस्टमध्येही लघवीला आग होते, पण ती वेगळी. लघवी बाहेरच्या सोललेल्या कातडीला लागते तेव्हा झोंबतं. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग असेल तर आग आतून होते, पुन्हा पुन्हा जावं लागतं, थोडीथोडी होते, ओटीपोटात दुखतं. मी बायांना एकच विचारते, "आग आतमंदी होते का बाहेर?" बहुतेकींना उत्तर चटकन देता येतं. बाहेरच्या आगीवर अँटिबायोटिक घेतलं की यीस्टला आवरणारे उरलेसुरले चांगले जंतूही मरतात आणि खाज दुप्पट होऊन परत येते. मग बाई म्हणते, "औषधानं गरम पडलं." गरमबिरम काही नाही, औषधच चुकलं.

शक्य असेल तिथे पाण्याचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला की यीस्टचे धागे आणि कळ्या दिसतात. खर्च नगण्य असतो. पहिल्यांदाच त्रास झाला असेल, गरोदरपण असेल किंवा औषध घेऊनही परत आलं असेल, तर तपासणीशिवाय औषध घेऊ नका.

पुरुषांनी हे वाचा

शिश्नाच्या टोकावर लाली, खाज, पांढरा थर, पुढची कातडी मागे घेताना चिरा, हेही बहुतेक वेळा यीस्टच असतं. पुरुष ते कोणालाच सांगत नाहीत, पानठेल्यावरच्या मित्राला विचारून मलम आणतात. चाळिशीच्या आसपासच्या माणसाला असं झालं, तर मलमाच्या आधी साखर तपासा. मधुमेहाची पहिली खूण तीच निघाल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. बायकोला यीस्ट झालं म्हणून त्रास नसलेल्या नवऱ्याला औषध द्यायची सहसा गरज नसते. त्यालाही खाज असेल तर मात्र दोघांनी एकदमच उपचार घ्यावेत.

कशामुळे वाढलं ते शोधा: गोड, गोळ्या, ओल

गोड म्हणजे रक्तातली साखर. ती साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडातून लघवीत उतरू लागते. मग यीस्टला घरपोच जेवण. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची साखर उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात फुकट तपासतात. बोटातून एक थेंब रक्त, एवढंच. उपाशीपोटी १२६ किंवा वर, किंवा कधीही २०० च्या वर तहान-लघवीसकट, तर मधुमेहाची शंका धरून पुढची तपासणी करायची. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.५ टक्के किंवा जास्त आली तरी तेच. ज्या बाईला वर्षात दुसऱ्यांदा यीस्ट झालं, तिची साखर न तपासता मी तिला सोडत नाही.

मधुमेहाच्या काही गोळ्याच साखर लघवीतून बाहेर काढतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यांची नावं. त्या चांगल्या आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला फायदा करतात आणि आता स्वस्तही झाल्या आहेत. पण त्यांच्यामुळे त्या जागी यीस्ट होऊ शकतं. पाकिटावर ही नावं असतील तर गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. दर लघवीनंतर साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करायची सवय लावली, तर पुष्कळ फरक पडतो.

गोळ्यांमध्ये अँटिबायोटिकचं वर आलंच. दुसरा चोर स्टेरॉइड. गुडघेदुखीच्या, दम्याच्या ज्या "पुड्या" गावोगाव मिळतात, दोन दिवसांत जादूसारखा फरक पडतो, भूक लागते, चेहरा भरतो, त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं साखर वाढते, प्रतिकार घटतो आणि यीस्ट पसरतं. असली पुडी महिनोन्महिने घेत असाल तर ती एकदम थांबवणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांना पुडी नेऊन दाखवा. लाज वाटली तरी नेऊनच दाखवा.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन देतात. अशा मुलाच्या तोंडात यीस्ट दिसलं तरी पेनिसिलिन बंद करायचं नाही. यीस्टचं वेगळं औषध मिळतं.

ओलीबद्दल सांगायचं तर आमच्या कापसाच्या जिल्ह्यांत एक गंमत आहे. शेतात पांढरं सोनं आणि अंगावर नायलॉन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि आत सिंथेटिक चड्डी, वर सिंथेटिक परकर, त्यावर साडी, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट. दिवसभर घाम तिथेच मुरतो. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत रोवणीच्या दिवसांत कमरेपर्यंत ओल. आणि धुतलेली चड्डी वाळते कुठे, तर न्हाणीघरातल्या खिळ्यावर, टॉवेलच्या खाली, कोणाला दिसू नये म्हणून. अंधारात आणि ओलीत यीस्ट मरत नाही. कपडा उन्हात वाळायला हवा. लाज वाटत असेल तर वरून सुती पातळ ओढणी टाका, ऊन त्यातूनही लागतं. पावसाळ्यात ऊनच नसेल तर इस्त्री फिरवा. पाळीच्या कापडालाही हेच लागू. रात्री चड्डी न घालता सैल परकरावर झोपलं तर चालतं, नव्हे, तेच बरं.

औषध कसं घ्यायचं

योनीतल्या साध्या यीस्टवर दोन प्रकारची औषधं चालतात आणि दोन्ही सारखीच गुणकारी आहेत. एक क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी: १०० मिलिग्रॅमची असेल तर ६-७ रात्री, २०० ची असेल तर ३ रात्री, ५०० ची असेल तर एकदाच. दुसरं फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम, तोंडानं, एकच गोळी. सरकारी दवाखान्यात पांढऱ्या पाण्यासाठी हिरव्या रंगाचं २ नंबरचं किट मिळतं. त्यात हे फ्लुकोनाझोल असतं आणि सोबत जिवाणू व ट्रायकोमोनाससाठी सेक्निडाझोल. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, हे सगळं गुप्तपणे होतं.

आत ठेवायची गोळी *आत ठेवायची* असते, हे ठासून सांगते, कारण एकदा माझीच चूक झाली. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सासुरवाशिणीला सहा गोळ्या दिल्या आणि "रोज रात्री एक" एवढंच सांगितलं. आठवड्यानं ती आली, "काहीच फरक नाही व सिस्टर, अन् तोंड कडू कडू." सगळ्या गिळल्या होत्या. तिला काही झालं नाही, पण उपचार वाया गेला आणि तिचा माझ्यावरचा विश्वासही.

तर पद्धत अशी. पाळी संपल्यावर सुरुवात करा. रात्री झोपताना हात साबणानं धुवा, नखं कापलेली असू द्या. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या, किंवा उकिडवं बसा. गोळी थोडी ओली करून बोटानं, किंवा पाकिटात नळी असेल तर तिनं, जेवढी सहज आत जाईल तेवढी सरकवा. मग उठू नका. सकाळी थोडं पांढरं चूर्ण बाहेर येतं, ते औषधच असतं, घाबरू नका. चड्डीत सुती कापड ठेवा. बाहेरच्या लालीवर क्लोट्रिमाझोलचं १ टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा. औषध चालू असेपर्यंत संबंध टाळा. या औषधातल्या तेलानं निरोधही कमजोर होतो. दोन-तीन दिवसांत खाज उतरली तरी सगळे दिवस पूर्ण करा. आठवड्यानंतरही त्रास तसाच असेल तर तीच गोळी पुन्हा आणू नका, तपासणी करा. कॅन्डिडाच्या काही जातींवर फ्लुकोनाझोल चालत नाही.

गरोदर बाईनं फ्लुकोनाझोल घ्यायचं नाही. तिच्यासाठी आत ठेवायची गोळी, ७ दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं, आणि तीही नळी न वापरता बोटानं. पाळी चुकली असेल तर आधी तपासणी करा, मग गोळी. साखरेसाठी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांना फ्लुकोनाझोलसोबत साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांनीही आधी सांगावं. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

आता न करायच्या गोष्टी. आत डेटॉल, तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा काढा, साबण, काही म्हणजे काही नाही. योनी आपली आपण साफ होते, बाहेरून साधं पाणी पुरतं. लसणाची पाकळी आत ठेवायचा सल्ला मोबाईलवर फिरतो, त्यानं भाजतं. दही खाल्लं तर उत्तम, पण आत भरू नका. दह्यातले जंतू वेगळे आणि योनीतले वेगळे. बोरिक पावडरचंही कोणीतरी सांगतं. चिवट यीस्टवर तज्ज्ञ डॉक्टर बोरिक ॲसिडच्या मोजून भरलेल्या कॅप्सूल आत ठेवायला देतात, हे खरं. पण कॅरमवर टाकायची किंवा झुरळांना घालायची पावडर पोटात गेली तर विष आहे. तिच्या जवळ जाऊ नका.

खाण्याचं काय

इथे मी अनेकांना नाराज करणार आहे. "यीस्टचा डाएट" नावानं जे फिरतं, त्यात गहू बंद, फळं बंद, दूध बंद, आंबवलेलं सगळं बंद. त्यानं साखर नसलेल्या माणसाचं यीस्ट बरं होतं, असा भक्कम पुरावा नाही. पाव फुगवणारं यीस्ट आणि आपल्या अंगातली कॅन्डिडा ही वेगळी बिऱ्हाडं आहेत. आंबिलीनं, इडलीनं, ताकानं कॅन्डिडा वाढत नाही. आणि आमच्याकडे आधीच निम्म्या बाया रक्त कमी असलेल्या. त्यांना आणखी पथ्यावर टाकणं मला पटत नाही.

आहाराचं काम एकच: रक्तातली साखर चढू न देणं. ज्याला मधुमेह आहे किंवा व्हायच्या वाटेवर आहे, त्याला हेच अर्धं औषध.

सुरुवात चहापासून. तुम्ही म्हणाल, आम्ही गोड खातच नाही. मोजून पाहा. सकाळी दोन, शेतात जायच्या आधी एक, वावरात एक, पाहुणा आला की एक, संध्याकाळी एक. सहा कप, कपात दोन चमचे, चमच्यात चार-पाच ग्रॅम. झाली ५०-६० ग्रॅम साखर, जेवणाआधीच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत आणि जमल्यास २५ च्या आत राहा म्हणते. चहा सोडायला मी सांगत नाही, सांगून कोणी ऐकणारही नाही. कप तीनवर आणा, चमचा अर्धा करा. पंधरा दिवसांत जीभ वळते. गुळाचा चहा केला म्हणजे सुटलो असं नाही, साखरेच्या दृष्टीनं गूळ तिचाच भाऊ.

पश्चिमेकडच्या कापूसपट्ट्यात ज्वारीची भाकर आहे, ही आपली कमाईच आहे. पण रेशनच्या गहू-तांदळानं ती ताटातून सरकते आहे. दोन्ही वेळची भाकर परत आणा. तुरीचं घट्ट वरण, पिठलं, आंबाडी किंवा चवळीची भाजी, कांदा, जवसाची चटणी, वाटीभर ताक. ठेचा-भाकरीवर दिवस काढणाऱ्या बाईच्या डब्यात मूठभर फुटाणे किंवा उकडलेले शेंगदाणे गेले, तर दुपारची भूक गोड चहावर जात नाही.

पूर्वेकडच्या भाताच्या झाडीपट्टीत भाताला नाही म्हणता येत नाही. मग क्रम बदला: आधी भाजी आणि डाळ, मग भात. भात परातीतून थाळीत ढिगानं नको, वाटीनं मोजा, दोन वाट्या असतील तर दीड करा आणि ती जागा वरणानं, मासळीनं भरा. तेवढ्यानंही जेवणानंतरची साखर कमी चढते.

संत्रं अख्खं खा, एक. रस काढला की तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते आणि चोथा फेकला जातो. आमरसाचं तेच. अक्षय तृतीयेला वाटीभर खा, परातीनं नको. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपास करू नये. साखर उतरून पडलेली माणसं मी चतुर्थीला उचलली आहेत.

"पोटात यीस्ट वाढलं म्हणून थकवा येतो, पोट फुगतं, डोकं जड होतं" हा दावा १९८० च्या दशकात अमेरिकेत गाजला. १९८६ मध्ये तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं तो अप्रमाणित ठरवला. १९९० मध्ये ४२ बायकांवर निस्टॅटिन हे यीस्टचं औषध आणि नुसती दिखाऊ गोळी यांची तुलना झाली. योनीचा त्रास औषधानं कमी झाला, पण थकवा आणि बाकीच्या तक्रारींत दोन्हींत फरक निघाला नाही. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून "तार खाली उतरली म्हणजे यीस्ट" ही मोबाईलवरची परीक्षा तर निव्वळ थट्टा आहे. लाळ चिकट असते, तार होणारच. आपल्याकडे थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सिकलसेल आणि खोकला असेल तर टीबी, एवढं तपासा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

तोंडातलं यीस्ट, आणि खर्रा

तान्ह्या बाळाच्या जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखे डाग दिसतात. दुधाचे असतील तर ओल्या कापडानं पुसले जातात. यीस्टचे सहजी निघत नाहीत, ओढले तर खाली लाल दिसतं. आजी मधात टाकणखाराची लाही कालवून बोटानं घासते. कृपा करून थांबवा. टाकणखार बाळाला विषारी आहे आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो. डॉक्टर निस्टॅटिनचे थेंब किंवा तोंडात लावायचं औषध देतात. आईच्या स्तनाग्रांना खाज, भेगा, टोचणी असेल तर दोघांचा उपचार एकदम हवा, नाहीतर एकाकडून दुसऱ्याकडे फेऱ्या चालूच राहतात. दूध पाजणं थांबवायचं नाही.

मोठ्या माणसात दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणं हे एक कारण. पंप घेतला की खळखळून चूळ भरा. दुसरं, रात्रभर कवळी तोंडातच ठेवणं. आणि काहीच कारण नसताना तोंडात यीस्ट दिसलं तर साखर आणि एचआयव्ही, दोन्ही तपासा. दोन्ही तपासण्या सरकारी रुग्णालयात मोफत आहेत.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणाऱ्यांना वेगळं सांगते. तुमच्या गालातला पांढरा डाग पुसून निघत नसेल, तर तो यीस्ट समजून औषध लावत बसू नका. तो कर्करोगाच्या आधीचा डाग असू शकतो. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर त्याच आठवड्यात दाखवा.

कातडीवरचं

जांघेत, स्तनांखाली, पोटाच्या वळीत लालभडक, ओलसर, चकचकीत कातडी आणि कडेला सुटे सुटे बारीक फोड, हे यीस्ट. गोल कडा, मधे बरं होत जाणारं, ते गजकर्ण. चिखलात काम करून पायाच्या बोटांमध्ये होणाऱ्या चिखल्यांतही यीस्ट असू शकतं. आंघोळीनंतर सुती कापडानं टिपून कोरडं करा, क्लोट्रिमाझोल दोन वेळा, दोन ते चार आठवडे, आणि दिसायचं बंद झाल्यावरही आणखी आठवडाभर. मेडिकलवाल्यानं दिलेल्या "तीन-चार औषधं एकत्र" असलेल्या ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेटासोन, बेटामेथासोन असं काही लिहिलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. खाज तासाभरात थांबते आणि बुरशी आत आत पसरत जाते. आमच्या गावात त्या ट्यूबमुळे काही जणांच्या मांड्यांवर कायमचे चट्टे पडले आहेत.

वर्षात तीनदा किंवा जास्त झालं तर

याला परत परत होणारं यीस्ट म्हणतात आणि याचा उपचार वेगळा. आधी नमुना तपासून यीस्टच आहे ना ते पक्कं करायचं. साखर, एचआयव्ही, पुड्या, चड्डी कुठे वाळते, सगळं पुन्हा पाहायचं. मग डॉक्टर साधारणपणे फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या देतात, पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. त्यानंतर आठवड्याला एक, सहा महिने. गरोदर बाईला हे चालत नाही आणि यकृताचा त्रास असेल तर आधी सांगावं लागतं. २००४ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा महिने गोळी घेणाऱ्या दहांतल्या नऊ बायका त्या काळात बऱ्या राहिल्या. गोळी बंद केल्यावर मात्र वर्ष पुरं होईपर्यंत निम्म्याहून जास्त जणींना परत त्रास झाला. म्हणजे परत झालं तर तुमचं पथ्य मोडलं असं नाही. पुन्हा दाखवायचं, पुन्हा सुरू करायचं.

सहा महिने आठवड्याला एक गोळी लक्षात ठेवणं हे औषधापेक्षा अवघड. रोजची गोळी सवयीनं जाते, आठवड्याची विसरते. माझ्या बायांना मी आठवडी बाजाराचा दिवस लावून देते. तो कोणी विसरत नाही. बाजारातून आल्या की पिशवी रिकामी करायच्या आधी गोळी, मग कॅलेंडरवर फुली, मग भाजी.